बोर्ड आजच्या वजनाचा घे, दिवाळीनंतरच्या वजनाचा नको

पत्र थोडक्यात असं आहे. ऐरोलीचा ३४ वर्षांचा वाचक, आयटीत नोकरी, उंची पाच फूट दहा, वजन १०८ किलो. मार्चमध्ये मावसभावाकडे अबुधाबीला गेला होता, तिथे एका केबल पार्कमध्ये (तळ्यावर ताणलेली तार बोटीऐवजी माणसाला ओढते तिथे) वेकबोर्डिंग करून बघितलं, म्हणजे दोन्ही पाय एका फळीला बांधून, दोरीचं हॅन्डल धरून पाण्यावरून ओढलं जायचं. सात वेळा सुरुवात केली आणि सातही वेळा दहा मीटरच्या आत पाण्यात. शेवटी तिथला मुलगा म्हणाला, ‘सर, बोर्ड छोटा पडतोय तुम्हाला’, आणि मागे रांगेत उभे असलेले सगळे हसले. आता जानेवारीत ऑफिसचे चार मित्र फुकेतला चाललेत, तिथेही पार्कला जायचं ठरलंय. ठाण्यातला एक ओळखीचा माणूस त्याचा वापरलेला १३४ सेंटीमीटरचा बोर्ड बुटांसकट २२ हजारांना द्यायला तयार आहे, म्हणतो की लांब बोर्ड शिकाऊंचे असतात, तुझं वजन उतरलं की हाच फिट बसेल. बायको म्हणते आधी वजन उतरव, मग खेळ. वाचक विचारतो: ताई, कुठला बोर्ड घेऊ, वजन उतरायची वाट बघू का, आणि खरं सांगा, हा खेळ माझ्यासारख्यांसाठी आहे का?

अरे,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस, बोर्डचं नंतर सुचलं असणार. हो, आहे. मी ४४ व्या वर्षी शिकले, वजन तेव्हा ८८, उंची पाच फूट दोन, म्हणजे तू जे आकडे सांगतोयस त्याच्या शेजारच्याच इमारतीत मी राहत होते असं समज. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पडले. तू सातवर थांबलास, एवढाच फरक.

आता ते हसणं. ते तुला अजून टोचतंय हे पत्रात दिसतं, सात ओळींत तीनदा आलंय. पण त्या पोराने काय सांगितलं ते जरा शांतपणे परत वाच. ‘तुम्ही जाड आहात’ असं तो म्हणाला नाही, बोर्ड छोटा पडतोय म्हणाला. ही बोर्डची तक्रार आहे. दुकानात शर्ट घट्ट झाला तर आपण मोठा नंबर मागतो ना, की ट्रायल रूममध्येच उपाशी बसतो? आणि खरं तर चूक त्यांची होती, वजन विचारून बोर्ड द्यायला पाहिजे होता, गर्दीच्या दिवशी हाताला लागला तो दिला असणार. मोठा बोर्ड नसेल तर तेही आधी सांगायचं.

तुझ्या पत्रात मला एक गृहीतक दिसतं जे तुला, तुझ्या बायकोला आणि त्या २२ हजारवाल्याला, तिघांनाही मान्य आहे, आणि मला तिथेच खटकतं. ते असं, की खरा तू म्हणजे ८५ किलोचा तू, १०८ हा मधला एक तात्पुरता माणूस आहे आणि त्याच्यासाठी काही घेणं म्हणजे पैसे वाया. माझ्या कपाटात एक जीन्स होती २०११ पासून, ‘बारीक झाल्यावर’ घालायची म्हणून घेतलेली, टॅगसकट. ती मी कधीच घातली नाही, शेवटी भाचीने नेली. १३४ चा बोर्ड ही तुझी ती जीन्स आहे.

का ते नीट सांगते, कारण यात भावनेपेक्षा गणित जास्त आहे.

लहानपणी तळ्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढल्या असशील. दगड काही तरंगत नाही, वेग आहे तोवर पाणी त्याला वर उडवतं, वेग गेला की गडप. वेकबोर्डचं तेच आहे. बोर्ड तुला नुसता तरंगवत नाही (तुझ्यासकट तो पाण्यात बुडलेलाच असतो, म्हणून तर सुरुवात पाण्यात बसून करता येते), ओढ लागली की बोर्डच्या खालच्या बाजूवर पाणी आपटतं आणि तुला उचलतं. ही उचल दोन गोष्टींवर ठरते, बोर्डचं क्षेत्रफळ किती आणि वेग किती, आणि वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो. आता ढोबळ हिशोब कर. ८० किलोचा माणूस ज्या बोर्डवर ताशी २८ किलोमीटरला आरामात वर राहतो, त्याच बोर्डवर १०८ किलोच्या माणसाला साधारण साडेबत्तीस लागतील. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण शिकाऊ माणसाला बोटीमागे २४ ते ३० च्या दरम्यान ओढतात आणि सरावलेले लोक ३२ ते ३८ ला जातात, म्हणजे छोट्या बोर्डवर तुला पहिल्याच दिवशी सरावलेल्यांच्या वेगात ढकललं जातं. आणि त्या वेगात पडलास की पाण्याचा दणका? वजनही जास्त आणि वेगाचा वर्गही जास्त, म्हणजे त्या ८० किलोवाल्याच्या जवळपास १.८ पट. मग माणूस घाबरतो, घाबरला की अंग ताठ, ताठ झाला की परत पडतो. तुझ्या सात वेळांचं हे निम्मं कारण आहे. उरलेल्या निम्म्याकडे खाली येते.

म्हणून वजनदार शिकाऊला मोठा बोर्ड ही काही सवलत नाहीये, मोठ्या बोर्डवर तो कमी वेगात वर येतो, कमी वेगात पडतो, आणि परत प्रयत्न करायची हिंमत राहते. बस, एवढंच.

आता आकडे. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, हायपरलाइटचा बघ, रॉनिक्सचा बघ, लिक्विड फोर्सचा बघ, थोडं इकडे तिकडे होतं, पण ढोबळ चित्र असं की ८०-८५ किलोच्या वर गेलं की १४० सेंटीमीटरच्या पुढचे बोर्ड सुरू होतात, आणि शंभरी ओलांडली की १४४ च्या वर बघायचं, १४६-१४८ मिळाला तर छान. तुला १४५ च्या आसपासचा किंवा त्याहून मोठा, रुंदीलाही भरलेला. लांबी सगळे विचारतात, रुंदी कुणी विचारत नाही, पण १४२ चा रुंद बोर्ड १४५ च्या चिंचोळ्यापेक्षा तुला जास्त उचलेल. शेजारी शेजारी ठेवून टोकाकडची रुंदी बघ, काही बोर्ड टोकाला एकदम निमुळते होतात.

आणि आता गंमत बघ. समज तू खरंच मनावर घेतलंस आणि जानेवारीपर्यंत ९५ वर आलास. तक्त्यात तुझा बोर्ड बदलला का? जवळजवळ नाहीच, १४२-१४५ च्या घरातच राहिलास. ८५ वर आलास तरी १४० च्या आतबाहेर. १३४ चा बोर्ड त्या दिवशीही तुझा नसेल! म्हणजे तो सद्गृहस्थ जो ‘वजन उतरलं की फिट बसेल’ म्हणतोय, त्याला एकतर तक्ता माहीत नाही किंवा माहीत आहे आणि बोर्ड काढायचाय. मी चांगलाच अर्थ घेते, त्याला माहीत नसेल. ‘लांब बोर्ड शिकाऊंचे’ हे पण अर्धवट आहे. लांब बोर्ड हवेत फिरवायला जड जातो हे खरंय, पण तू अजून पाण्यावर सरळ उभा राहिलेला नाहीस, हवेतल्या गिरक्यांची काळजी आत्तापासून कशाला.

बाकी बोर्डमध्ये काय बघायचं ते भरभर सांगते. बोर्ड जमिनीवर ठेवलास की दोन्ही टोकं वर उचललेली दिसतात, त्या बाकाला रॉकर म्हणतात. डोलखुर्चीच्या पट्टीसारखा एकसंध बाक असेल तर कंटिन्युअस, मध्ये सपाट आणि मग दोन्हीकडे ठळक वळलेला असेल तर थ्री-स्टेज. तुला कंटिन्युअस हवा, तो पाण्यावरून सुळकन सरकतो, लवकर वर येतो. थ्री-स्टेज पाणी ढकलत चालतो, उडी उंच देतो पण वेग खातो, आणि तुला वेगच वाचवायचाय. कडा गोलसर असाव्यात, धारदार कड चुकून पाण्यात रुतली की तोंडावर आपटतोस, आणि ते वाईट लागतं. आतला गाभा फोमचा की लाकडाचा यावर लोक तासन् तास वाद घालतात, तू त्यात पडू नकोस.

फिन्सकडे, म्हणजे तळाला लावलेल्या माशाच्या परांसारख्या छोट्या पट्ट्यांकडे, मात्र लक्ष दे, कारण इथे तुझे २२ हजार अडकू शकतात. बोटीमागचा बोर्ड आणि केबल पार्कचा बोर्ड हे दोन वेगळे प्राणी आहेत. बोटीच्या बोर्डला खाली फिन्स असतात, शिकाऊला त्या सरळ रेषेत ठेवतात, चांगल्या असतात. केबल पार्कमध्ये पाण्यात रॅम्प आणि रेलिंग असतात ज्यावरून लोक घसरत जातात, त्यामुळे तिथल्या बोर्डचा तळ घासला तरी टिकेल असा कडक बनवतात आणि फिन्स नसतात किंवा काढता येतात. तुझा सगळा बेत केबलचा आहे आणि हा १३४ वाला कुठल्या जातीचा आहे ते तू पत्रात लिहिलंच नाहीयेस, बहुतेक विचारलंच नाहीस.

बूट, म्हणजे बायंडिंग. माझ्या मते वजनदार माणसाने बोर्डपेक्षा जास्त वेळ इथे घालवावा आणि कुणीच घालवत नाही. आपल्याकडे बुटाचा नंबर ब्रिटिश असतो, बायंडिंगवर अमेरिकन लिहिलेला असतो, पुरुषांना साधारण एक मिळवायचा, म्हणजे इथला ९ तिथला १०. हे माहीत नसल्यामुळे लोक एक नंबर लहान घेतात आणि मग पाय सुन्न झाला म्हणून ओरडतात. पुढून उघडे, म्हणजे ओपन-टो असतात ते तीन-चार नंबरांना चालतात, रुंद पंजालाही जागा मिळते, सुरुवातीला तेच बरे. पण सैल नकोत. पडताना एक पाय निसटला आणि दुसरा अडकला की घोटा पिरगळतो, आणि तुझ्या-माझ्या वजनाला तो पीळ जास्त बसतो. टाच बुटात उचलली जायला नको, ही परीक्षा.

आता जी गोष्ट बारीक लोकांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये सापडत नाही ती, म्हणजे पोट. कुठलाही व्हिडीओ लाव, पहिलं वाक्य हेच, गुडघे छातीशी घ्या, हात सरळ. अरे बाबा, छाती आणि गुडघ्याच्या मध्ये जे आहे त्याचं काय करायचं? मी पहिल्या दिवशी खरंच विचारलं होतं हे, तर तो मुलगा लाजला. मग एका वयस्कर थाई बाईने दाखवलं, ती तिथे खुर्च्या लावायची, पण तिला सगळ्या शिक्षकांपेक्षा जास्त कळत होतं. गुडघे छातीशी नाही, छातीच्या दोन बाजूंना घ्यायचे. थोडे फाकवायचे, पोटाला मध्ये जागा द्यायची, आणि हात गुडघ्यांच्या बाहेरून पुढे. टाचा मात्र ढुंगणाजवळ पाहिजेत, तिथे तडजोड नाही. यासाठी बुटांमधलं अंतर खांद्यांपेक्षा जरा जास्त ठेवायचं आणि दोन्ही बूट एक भोक मागे घ्यायचे म्हणजे बोर्डचं नाक वर राहतं. मागचा पाय जवळजवळ आडवा, पुढचा पंधराएक अंश पुढे वळलेला. पार्कमध्ये स्क्रू ड्रायव्हर असतोच, मागितला की देतात, पण आपण लाजून मागत नाही.

आणि बूट घालणं! कमरेत वाकून ओला रबरी बूट चढवायचा म्हणजे खेळाच्या आधीच निम्मा दम जातो. धक्क्यावर बसून घाल, घाई करू नकोस, मागे रांग असली तर असू दे. पायाला आणि बुटाला आतून साबणाचं पाणी लाव, बेबी शाम्पू पण चालतो, पाय सटकन आत जातो.

लाइफ जॅकेट. लोकांना वाटतं वजनदार माणसाला जास्त तरंगवणारं जॅकेट लागतं, उलट आहे, चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे तू पाण्यात तुझ्या त्या जिमवाल्या मित्रापेक्षा सहज तरंगशील. ५० न्यूटनचं जॅकेट म्हणजे साधारण पाच किलोची उचल, पोहता येणाऱ्या माणसाला शांत पाण्यात ती पुरते. (तुला पोहता येतं का हे लिहिलं नाहीयेस. येत नसेल तर आधी ते, बाकी सगळं नंतर.) अडचण मापाची असते. किनाऱ्यावर मिळणारी ती नारिंगी जॅकेटं, दोरीने बांधायची, आपल्याला पुढून पुरत नाहीत मग लोक वरची एकच दोरी बांधून सोडतात, आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट कानापर्यंत वर येतं. छातीचं माप घेऊन निओप्रीनचं, म्हणजे मऊ रबरी कापडाचं घे, घालून झाल्यावर कुणालातरी जॅकेट खांद्याला धरून वर उचलायला सांग, हनुवटीला लागलं तर एक नंबर लहान घे. पुढचा फोम पट्ट्यापट्ट्यांचा असेल तर वाकता येतं, एकसंध जाड फळी असेल तर परत ती पोटाचीच गोष्ट. आणि इम्पॅक्ट वेस्ट नावाचं बारीक, फॅशनेबल काहीतरी दाखवतील, ते मार शोषायला असतं, त्यातले बरेचसे तरंगवायच्या मानकात बसत नाहीत, तू अजून त्या वर्गात नाहीस. पैसे खर्च करायची खाज असेल ना, तर हे जॅकेट घे, मापाचं जॅकेट भाड्याने मिळेलच याची खात्री नसते.

आता तुझ्या पडण्याचं उरलेलं निम्मं कारण. तू लिहिलंयस, ‘ओढ लागली की मी जोर लावून उठायचो’. तिथेच. आपण भारी माणसं आयुष्यभर स्वतःला उचलायला जोर लावत आलेलो असतो, सोफ्यातून, रिक्षातून, त्यामुळे ओढ लागली की हात आपोआप वाकतात आणि पाय ताठ होतात. पाय ताठ झाले की बोर्ड नांगरासारखा पाण्यात उभा राहतो, सगळं पाणी त्याला अडतं, आणि मग एकतर हॅन्डल सुटतं नाहीतर तू पुढे तोंडावर जातोस. उठायचं नसतंच. खुर्चीत बसल्यासारखं राहायचं, हात सरळ, आणि उठवायचं काम केबलवर सोडायचं. बोर्ड पाण्यावर आलाय असं पायाला कळतं, सायकल चिखलातून डांबरी रस्त्यावर आली की कळतं तसं, त्यानंतर सावकाश उभं राहायचं, आणि पहिले दोन दिवस पूर्ण उभं राहिलं नाही तरी चालतं.

केबलचा तुला एक फायदा आहे जो बोटीला नाही, तार बरीच उंचावर असते त्यामुळे ओढ पुढे आणि वर अशी लागते, भारी माणसाला ती मदत होते. पण मोठ्या गोल केबलवर वेग सगळ्यांना एकच असतो, साधारण तिशीच्या आसपास, आणि सुटताना हिसका बसतो. त्याऐवजी दोन खांबांची छोटी केबल असते, एका वेळी एकच माणूस, नुसतं सरळ पुढे-मागे, आणि चालवणारा तुझ्याकडे बघून वेग कमी-जास्त करतो. फुकेतला कथू भागात पार्क आहे, तुमचा बेत तिथला असो की दुसरीकडचा, जायच्या आधी मेसेज करून तीन गोष्टी विचार: दोन खांबांची शिकाऊ केबल आहे का, १४५ किंवा त्याहून मोठा बोर्ड भाड्याने आहे का, आणि अमेरिकन अमुक नंबरचे ओपन-टो बूट आहेत का. वजन किलोमध्ये लिहून टाक, १०८, संकोच करू नकोस, त्यांना तो आकडा बोर्ड काढायला लागतो, ते तुझी पत्रिका मांडत नाहीत. मोठी केबलच असेल तर पहिला तास नीबोर्ड माग, गुडघ्यांवर बसून करतात तो, त्यावर हिसका अंगवळणी पडतो आणि माणूस पाण्यावर गेल्याचा आनंद तरी मिळतो.

थोडक्यात काय, जानेवारीच्या आधी बोर्ड घेऊच नकोस. दीड मीटरची पिशवी विमानात न्यायची, त्याचं वेगळं भाडं, आणि परत आणून ऐरोलीच्या वन बीएचकेत ठेवायची कुठे, बाल्कनीत? उन्हात आणि बंद गाडीच्या डिकीत बोर्डचे थर सुटतात. शिवाय इथे वापरणार कुठे. तुझ्या घराजवळची खाडी म्हणशील तर ती फ्लेमिंगोंची आहे, २०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि ओहोटीला नुसता चिखल, तिथे फ्लेमिंगो बघायच्या बोटीत बसावं, एवढंच. ठाण्याच्या मासुंदा तलावात पेडल बोट. उरतं अलिबागकडचं, मांडवा, नागाव, काशीद, तिथे पावसाळा सोडून जेट-स्की आणि बनाना राइड चालतात, कुणी वेकबोर्ड ओढतो का ते फोन करून विचार. ओढणार असतील तर जेट-स्की तीन सीटचा असला पाहिजे, एक चालवणारा, एक मागे तोंड करून तुझ्याकडे बघणारा, आणि एक जागा तुझ्यासाठी रिकामी. दोन सीटवाला चालवणारा एकटाच ‘हो जाएगा सर’ म्हणाला तर नमस्कार करून वाळूत भेळ खा. छोट्या इंजिनाला १०८ किलो पाण्यातून वर काढायला दम लागतो आणि तो वेळ तू पाणी पीत असतोस.

ज्यांचं वजन तुझ्यासारखं आहे पण वर्षात वीस-पंचवीस दिवस पाण्यावर जायची खरंच सोय आहे, गोव्याला घर आहे किंवा आखातात नोकरी आहे, त्यांनी बोर्ड जरूर घ्यावा, वापरलेलाही चालतो. फक्त अंगठ्याने सगळा तळ दाबून बघायचा, कुठे मऊ लागलं किंवा फुगा दिसला तर आत पाणी गेलंय, सोडून द्यायचा. बुटाचे स्क्रू जिथे बसतात ती भोकं बघायची, आटे गेले असतील तर दुरुस्ती डोक्याला ताप आहे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर स्क्रू गंजून बूट बोर्डला कायमचे चिकटतात.

राहिला बायकोचा मुद्दा. ती वाईट काही बोलत नाहीये. फक्त तिने दोन वेगळ्या गोष्टी एकीला एक बांधल्यात आणि तू पण त्या तशाच उचलल्यास. वजन उतरवायचं असेल तर साखर, बीपी, गुडघे यांच्यासाठी उतरव, डॉक्टरांना दाखव, आणि गुडघे आधीच दुखत असतील तर हा खेळ खेळू का हेही त्यांनाच विचार. पण वेकबोर्डिंग हे वजन उतरवल्याचं बक्षीस करू नकोस. मी असं बक्षीस दहा वर्षं लावून ठेवलं होतं स्वतःला, बक्षीस तिथेच राहिलं, मी पण तिथेच. तिला म्हण, आत्तापासून जानेवारीपर्यंत आठवड्यातून तीनदा मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणार, बारला लोंबकळणार, आणि रविवारी तूही पोहायला चल. लोंबकळणं खास तुझ्यासाठी आहे, कारण भारी माणसाचं हॅन्डल हातातून सुटतं ते बोटांची पकड कमी पडते म्हणून. वीस सेकंद जमलं तर खूप, पाय स्टुलावर टेकवून सुरू केलंस तरी चालेल. यात वजन उतरलं तर उतरलं.

त्या ठाण्यातल्या ओळखीच्याला आजच नाही म्हणून टाक, उद्यावर ठेवलंस तर तो १८ हजारांवर येईल आणि तू फसशील.

आणि हो, साबणाचं राहिलं. बूट चढवून झाले की हॅन्डल धरायच्या आधी हात धुऊन घे. मी विसरले होते, माझ्या अकरांपैकी पहिले दोन त्यातलेच.

तुझी,
उशिरा सुरू केलेल्या खेळांवाली ताई